छातींत उतरलेलें पडसें

न्यूमोनिया हा शब्द कानांवर पडला कीं सुशिक्षित गृहस्थाच्या मनांत एक ठराविक चित्र उभें राहतें. मनुष्य पावसांत भिजतो किंवा पहांटेच्या गारठ्यांत उघडा बसतो. त्यास हुडहुडी भरते, ताप चढतो, बरगडींत कळ येते, गंजाच्या रंगाचा कफ पडूं लागतो. मग डॉक्टर येतात, जंतुनाशक औषधाचीं इंजेक्शनें देतात, आणि आठ-दहा दिवसांत रोगी तक्क्याला टेकून पेज पिऊं लागतो. हें चित्र खोटें नाहीं, पण अपुरें आहे. त्यांत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. एक, हा रोग थंडी बाधल्यानें होतो. आणि दुसरी, तो अशा जंतूमुळें होतो कीं ज्यास औषधानें मारतां येतें. पहिली समजूत शास्त्रानें सुमारें १४० वर्षांपूर्वींच टाकून दिली. दुसरींत मात्र आपल्या डोळ्यांदेखत मोठी दुरुस्ती झाली आहे, आणि ती अद्याप पुष्कळ घरांत पोंचलेली नाहीं. नातवाचें साधें पडसें आणि आजोबांचा न्यूमोनिया यांचें मूळ पुष्कळदां एकच असतें, एवढाच या दुरुस्तीचा मथितार्थ. परंतु त्याच्या पोटांत बरेंच कांहीं आहे.

प्रस्तुत लेखकानें जन्मभर संस्कृत शिकविलें, वैद्यक नव्हे. तेव्हां आरंभ शब्दांपासून केला तर वाचक क्षमा करतील. आपलें ‘पडसें’ हें संस्कृत ‘प्रतिश्याय’ या शब्दाचेंच झिजलेलें रूप होय. आपले वैद्य प्रतिश्यायाला क्षुल्लक मानीत नसत. त्याची हेळसांड केली तर त्यांतून कास, म्हणजे खोकला, व पुढें आणखी भयंकर व्याधि उद्भवतात असें ते बजावीत. ‘विषाणु’ हा शब्द मात्र अर्वाचीन आहे. इंग्रजींतील ‘व्हायरस’ हा मुळांत लॅटिन शब्द; त्याचा अर्थ विष, आणि भाषाशास्त्रज्ञांच्या मतें तो व आपला ‘विष’ शब्द हे एकाच कुळांतले. जंतु आणि विषाणु यांत भेद काय, हें येथेंच सांगून टाकलें पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभें आहे. जंतु ही एक स्वयंपूर्ण पेशी असते. ती खाते, वाढते, दुभंगते. विषाणूला स्वतःचा संसारच नाहीं. तो म्हणजे आनुवंशिक द्रव्याची एक पुडी. दुसऱ्याच्या पेशींत शिरून तेथील सामग्रीवरच ती आपल्या प्रती काढून घेते. न्यूमोनियाचा प्रसिद्ध जंतु जो न्यूमोकोकस, त्याच्या व्यासाच्या सुमारें दहाव्या हिश्श्याएवढा इन्फ्लुएन्झाचा विषाणु असतो. जंतूच्या भिंतीवर किंवा त्याच्या अंतर्गत यंत्रावर घाव घालणारीं पेनिसिलिनादि औषधें विषाणूवर चालत नाहींत, याचें कारण हेंच. जेथें भिंतच नाहीं तेथें ती पाडणार कशी?

न्यूमोकोकस हा जंतु १८८१ सालीं पाहिला गेला. फ्रान्समध्यें पाश्चर यांनीं आणि अमेरिकेंत स्टर्नबर्ग यांनीं, एकमेकांस न कळत. पुढें जर्मनींत फ्रेंकेल व फ्रीडलेंडर यांनीं न्यूमोनियाच्या रोग्यांच्या फुप्फुसांत जंतु दाखविले, आणि १८८४ सालीं ग्राम या डेन्मार्कच्या वैद्यानें ते रंगवून ओळखण्याची युक्ति बर्लिनमध्यें काढली. तेव्हांपासून न्यूमोनिया म्हणजे जंतु, हें समीकरण पक्कें झालें. तें इतकें पक्कें झालें कीं १८९२ सालीं फायफर या नामांकित शास्त्रज्ञास इन्फ्लुएन्झाच्या रोग्यांच्या कफांत एक बारीक जंतु सांपडला, तेव्हां इन्फ्लुएन्झाचें कारणहि तोच, असें जवळजवळ सर्वांनीं मान्य केलें.

पुढें १९१८ सालची साथ आली. महाराष्ट्रांत ती ‘मानमोडी’ या नांवानें ओळखली गेली. जून महिन्यांत मुंबईस ती प्रथम दिसली ती सौम्य रूपानें. सप्टेंबरांत परतली ती काळरूप धारण करून. १९२१ च्या शिरगणतींत हिंदुस्थानची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वींपेक्षां कमी भरली. शिरगणतीच्या इतिहासांत १९०१ नंतर असें पुन्हां कधीं घडलें नाहीं, आणि त्याचें मुख्य कारण ही मानमोडी होय. देशांत सव्वा कोटीपासून दीड-पावणेदोन कोटींपर्यंत माणसें त्यांत गेलीं असे अंदाज आहेत. पुष्कळ जुन्या घरांच्या वंशावळींत त्या वर्षीं एकदम दोन-तीन नांवें खुंटलेलीं दिसतात. वाचकांनीं आपापल्या घरची वही काढून पाहावी.

त्या साथींत फायफरचा जंतु कोठें सांपडे, कोठें सांपडत नसे. तेव्हां शंका येऊं लागली. शंकेचें निरसन १९३३ सालीं लंडनच्या मिल हिल येथें झालें. विल्सन स्मिथ, अँड्रयूज आणि लेडलॉ या तिघांनीं इन्फ्लुएन्झाच्या रोग्याच्या घशांतील द्रव इतक्या बारीक गाळणींतून गाळला कीं एकहि जंतु पलीकडे जाऊं नये. आणि तो गाळलेला द्रव फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकांत घातला. फेरेट आजारी पडले. म्हणजे रोगाचें कारण जंतूहून सूक्ष्म होतें. तीन वर्षांनीं, १९३६ मध्यें, त्याच संस्थेंत एक आजारी फेरेट एका तरुण डॉक्टरांसमोर शिंकला. डॉक्टरांस इन्फ्लुएन्झा झाला. आणि त्यांच्या घशांतला द्रव पुन्हां फेरेटास दिला तेव्हां फेरेटासहि तोच रोग झाला. वादी, प्रतिवादी आणि साक्षीदार एकाच खोलींत असलेलें याहून स्वच्छ प्रमाण क्वचितच मिळेल.

आतां प्रश्न असा कीं, मानमोडींत माणसें मेलीं तीं विषाणूनें कीं जंतूनें? याचें उत्तर नव्वद वर्षांनीं मिळालें. २००८ सालीं अमेरिकेंतील मॉरेन्स, टॉबेनबर्गर व फाउची यांनीं त्या साथींतील ५८ मृतांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखालीं पुन्हां तपासले, आणि जगभरच्या ८,००० हून अधिक शवपरीक्षांचीं जुनीं टिपणें वाचून काढलीं. त्यांचा निष्कर्ष असा कीं, बहुतेक मृत्यु विषाणूच्या पाठोपाठ आलेल्या जंतूंच्या न्यूमोनियामुळें झाले. विषाणूनें दार फोडलें. आंत शिरून घर लुटलें तें जंतूंनीं.

हें दार फोडणें कसें घडतें तें कळल्यावांचून पडशाची भीति आणि पडशाविषयींची बेफिकिरी या दोहोंपैकीं कोणतीहि योग्य प्रमाणांत राहणार नाहीं. आपल्या श्वासनलिकेच्या अस्तरावर अतिसूक्ष्म लव असते. ती रात्रंदिवस वरच्या दिशेनें हालत असते आणि धूळ, जंतु इत्यादि केर कफाच्या पातळ थरासह घशाकडे लोटीत असते. न्यूमोकोकस पुष्कळ निरोगी माणसांच्याहि नाकाघशांत बिऱ्हाड करून असतो. ही लव त्यास खालीं उतरूं देत नाहीं. इन्फ्लुएन्झाचा विषाणु नेमक्या या लवेच्या पेशींत शिरतो व त्या मारतो. झाडणारा गडी आजारी पडला कीं अंगणाची जी दशा होते तीच मग छातीची होते. त्यांतच विषाणूजवळ एक कात्रीसारखें द्रव्य असतें. पेशींच्या पृष्ठभागावरील एक प्रकारची शर्करा तें कापून मोकळी करतें. त्यामुळें जंतूला चिकटण्यास उघडी जागा मिळते, आणि सुटलेली शर्करा खाण्यास मिळते. शिवाय विषाणूशीं लढण्यासाठीं शरीर जीं द्रव्यें सोडतें त्यांतील कांहींमुळें जंतु गिळणाऱ्या फुप्फुसांतील भक्षक पेशी कांहीं काळ मंद होतात. शत्रूशीं लढतांना स्वतःच्याच पहारेकऱ्याचे हात बांधावेत, असा हा चमत्कारिक प्रकार आहे.

२००२ सालीं अमेरिकेंतील मेम्फिस येथें मॅकलर्स व रेग यांनीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, आधीं इन्फ्लुएन्झा व सात दिवसांनीं न्यूमोकोकस दिला तर उंदीर मरतात. क्रम उलटा केला तर तसा संहार होत नाहीं. सात दिवस ही मुदत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. फ्लूचा ताप उतरला, रोगी उठून फिरूं लागला, ‘आतां बरें आहे’ असें सर्वांस वाटलें, आणि पांचव्या-सातव्या दिवशीं ताप पुन्हां चढला, धाप लागली, तर तो जुनाच ताप रेंगाळला असें समजूं नये. तो बहुधा नवा पाहुणा असतो, आणि त्यास जंतुनाशक औषध लागूं पडतें. अशा वेळीं एक दिवसहि वाट पाहणें घातक आहे.

येथवरच्या कथेंत विषाणु हा केवळ दार फोडणारा. परंतु तो एकटाहि पुरा पडतो. २००९ सालीं नव्या इन्फ्लुएन्झाची साथ आली. आपल्याकडे तिला ‘स्वाइन फ्लू’ म्हणत. भारतांतील तिचा पहिला बळी त्या वर्षीं ऑगस्टमध्यें पुण्यांत गेला, आणि ज्या शहरांत १९५२ पासून विषाणूंच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे तेंच शहर तोंडाला रुमाल बांधून फिरूं लागलें. त्या साथींत अमेरिकेंत ७७ मृतांच्या फुप्फुसांची तपासणी झाली तेव्हां जंतूंची जोड २२ जणांतच आढळली. उरलेल्यांचीं फुप्फुसें विषाणूनेंच निकामी केलीं असावींत. २०२० पासूनच्या कोविडनें तर हा धडा घरोघर शिकविला. त्या न्यूमोनियांत आरंभीं जंतूंचा वाटा फारच थोडा होता. तरीहि साथीच्या पहिल्या महिन्यांतील जगभरचे अहवाल एकत्र केले तेव्हां दिसलें कीं सत्तर टक्क्यांहून अधिक रोग्यांस जंतुनाशकें दिलीं गेलीं होतीं, आणि जंतूंची लागण होती ती सुमारें सात टक्क्यांत!

साथ नसतांना, नेहमींच्या दिवसांत, प्रौढांच्या न्यूमोनियांत विषाणूंचा वाटा किती? याचा कसोशीनें शोध अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें घेतला. जानेवारी २०१० ते जून २०१२ या काळांत शिकागो व नॅशव्हिल येथील पांच रुग्णालयांत न्यूमोनियानें दाखल झालेल्या दोन हजारांवर प्रौढ रोग्यांचें रक्त, कफ, लघवी, नाकाघशांतील द्रव असें जें जें मिळेल तें तपासलें. २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवळ विषाणु सांपडले ते २३ टक्के रोग्यांत. केवळ जंतु ११ टक्क्यांत. दोन्ही मिळून ३ टक्क्यांत. सर्वांत अधिक वेळां सांपडला तो ऱ्हायनोव्हायरस, म्हणजे साध्या पडशाचाच विषाणु, ९ टक्क्यांत. त्याच्या खालोखाल इन्फ्लुएन्झा ६ टक्क्यांत. आणि शतकभर ज्याचा दबदबा होता तो न्यूमोकोकस अवघ्या ५ टक्क्यांत. वयाचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. १८ ते ४९ वयाच्या दर दहा हजारांत वर्षाला सुमारें ७ जण न्यूमोनियानें रुग्णालयांत आले. ऐंशीच्या पुढील दर दहा हजारांत १६४.

आंकडे वाचून घाईनें निर्णय देणें सोपें असतें. परंतु रोग्याच्या नाकांत विषाणु सांपडला एवढ्यावरून फुप्फुस त्यानेंच बिघडविलें असें ठरतें काय? कावळा बसला आणि फांदी मोडली, या काकतालीय न्यायाची येथें शंका घेतलीच पाहिजे. संशोधकांनींहि ती घेतली. त्यांनीं कांहीं धडधाकट माणसांच्या नाकाघशाची तशीच परीक्षा केली. प्रौढांत निरोगी माणसाजवळ असे विषाणु क्वचितच आढळले. लहान मुलांत मात्र ऱ्हायनोव्हायरस बऱ्याच हसत्याखेळत्या मुलांजवळहि होता. म्हणजे मुलाच्या नाकांतील तो विषाणु फारसें कांहीं सिद्ध करीत नाहीं. न्यूमोनियाच्या प्रौढ रोग्यांत तो सांपडला तर त्याजकडे दुर्लक्ष करतां येत नाहीं. आणखी एक गोष्ट. एवढी शोधाशोध करूनहि ६२ टक्के रोग्यांत कोणतेंच कारण सांपडलें नाहीं. मला स्वतःला या अहवालांतील हाच आंकडा सर्वांत प्रामाणिक वाटतो.

याचा व्यवहारांत काय उपयोग, हें माझ्या एका स्नेह्यांच्या आजारांत मला कळलें. ते गणिताचे शिक्षक, वय ७६. नातू शाळेंतून पडसें घेऊन आला, तें घरांत सर्वांना होऊन गेलें. आजोबांना ताप आला नाहीं, खोकलाहि बेताचाच. केवळ जेवण सुटलें. ‘बाबा हल्लीं कंटाळले आहेत,’ असें मुलगा म्हणे. एके सकाळीं सूनबाईंनीं पाहिलें तों मामंजी संध्येला बसलेले, पळी हातांत धरलेली, आणि साठ वर्षें रोज म्हटलेला पुढचा मंत्र आठवत नाहीं. त्या बाईंनीं तत्काळ शेजाऱ्यांच्या गाडींतून त्यांना रुग्णालयांत नेलें. रक्तांतील प्राणवायु ८७ टक्के. क्ष-किरण चित्रांत उजव्या फुप्फुसाच्या तळाशीं पांढरी छाया. तपासणींत आर. एस. व्ही. नांवाचा विषाणु निघाला. हा १९५६ सालीं पडसें झालेल्या चिंपांझींत प्रथम मिळाला, आणि पुढें कित्येक वर्षें तो तान्ह्या मुलांचाच वैरी समजला जात असे. वृद्धांत तो इन्फ्लुएन्झाच्या तोडीचा उपद्रव देतो, हें अमेरिकेंतील रॉचेस्टर येथील २००५ सालच्या अभ्यासानें चांगलें उघड केलें.

मुलानें डॉक्टरांस विचारलें, ‘विषाणु सांपडला ना? मग हीं जंतुनाशकें कशाला?’ डॉक्टर म्हणाले, ‘विषाणु आहे हें सिद्ध झालें. जंतु नाहीं हें सिद्ध झालेलें नाहीं.’ मला हें उत्तर ऐकून आपल्या मीमांसकांची आठवण झाली. एखादी वस्तु दिसत नाहीं एवढ्यानें तिचा अभाव ठरत नाहीं. ती तेथें असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिति असतांना जर ती दिसली नाहीं, तरच अभाव ठरतो. यास ते ‘योग्यानुपलब्धि’ म्हणतात. न्यूमोनियाच्या रोग्यास पुष्कळदां कफच पडत नाहीं. पडला तरी आधींच घेतलेल्या औषधानें त्यांतील जंतु मेलेले असतात. आणि फुप्फुसाचा तुकडा काढून पाहणें कांहीं शक्य नसतें. अशा स्थितींत ‘जंतु सांपडला नाहीं’ ही योग्यानुपलब्धि नव्हे. म्हणून रुग्णालयांत दाखल करण्याइतका आजार असेल तर डॉक्टर विषाणु सांपडूनहि जंतुनाशक सुरू करतात, आणि दोन-तीन दिवसांत तपासण्यांचे निकाल पाहून तें चालूं ठेवावें कीं थांबवावें हें ठरवितात. माझ्या स्नेह्यांचें तिसऱ्या दिवशीं थांबविलें. खरा आधार प्राणवायूचा, शुश्रूषेचा आणि वेळेवर नेण्याचा झाला. तीन आठवड्यांनीं ते घरीं आले. आतां काठी घेऊन चालतात.

याचा विपरीत अर्थ मात्र कोणी करूं नये. रुग्णालयांतील डॉक्टर विचारपूर्वक जें करतो तें आपण साध्या पडशाखोकल्यांत औषधाच्या दुकानांतून गोळ्या आणून करणें हा शुद्ध अविचार होय. कित्येक जंतुनाशकें चिठ्ठीवांचून विकूं नयेत आणि विक्रीची नोंद ठेवावी, असा नियम भारतांत मार्च २०१४ पासून अमलांत आहे. तो कसा पाळला जातो हें प्रत्येकास ठाऊक आहे. विषाणूवर त्या गोळ्यांचा कांहीं परिणाम होत नाहीं; घरांतील इतर जंतु मात्र त्यांना सरावतात, आणि पुढें खरोखरीचा जंतुजन्य न्यूमोनिया झाला कीं तेंच औषध निकामी ठरतें. इन्फ्लुएन्झावर विषाणूचेंच औषध आहे, त्याचें नांव ओसेल्टामिव्हिर. वर सांगितलेली विषाणूची कात्री तें बोथट करतें. परंतु तें पहिल्या ४८ तासांत सुरू झालें तर खरें उपयोगी. ऱ्हायनोव्हायरसवर आजमितीस असें औषध नाहीं.

घरांतील मंडळींनीं, विशेषतः ज्यांच्यावर वडीलधाऱ्यांचें खाणेंपिणें पाहण्याचें काम असतें त्यांनीं, ताप हीच एक कसोटी मानूं नये. वृद्धांत ताप न येतां न्यूमोनिया होतो. जेवण सुटणें, नेहमींच्या गोष्टींत गोंधळणें, अकारण तोल जाऊन पडणें, दिवसां झोंप लागून राहणें, हीं त्याचीं चिन्हें असूं शकतात. श्वास मोजण्यास घड्याळाखेरीज कांहीं लागत नाहीं. मनुष्य स्वस्थ बसला असतां मिनिटास तीसच्या घरांत श्वास गेले तर दवाखान्याची वेळ आहे असें समजावें. कोविडच्या काळांत घरोघर घेतलेलें बोटाला लावण्याचें प्राणवायुमापक यंत्र बहुतेकांच्या खणांत पडून असेल. त्यांत नवी बॅटरी घालून ठेवावी. त्याचें मूळ तत्त्व १९७० नंतर शोधून काढणारे जपानी अभियंते आओयागी हे, तें यंत्र जगभर प्राण वांचवीत असतांनाच, एप्रिल २०२० मध्यें निवर्तले.

पडशाचें नुकसान छातीपुरतेंहि थांबत नाहीं. कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांत इन्फ्लुएन्झा झाल्याचें तपासणींत ठरलेल्या रोग्यांचा अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. तपासणीनंतरच्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचें प्रमाण एरवींच्या सहापट होतें. ज्यांस आधींच हृदयविकार किंवा मधुमेह आहे त्यांच्या घरीं नातवंडांना पडसें झालें तर चार दिवस आजोबांच्या मांडीवर बसूं देऊं नये. हें सांगणें कठोर वाटेल. आजोबांनाच तें सर्वांत कठोर वाटेल. पण खिडक्या उघड्या ठेवणें, शिंकणाऱ्यानें तोंडावर पट्टी बांधणें, हात धुऊन वाढणें, एवढें तरी रुसवेफुगवे न होतां करतां येतें. आपल्या जुन्या सोंवळ्यांत अनेक निरर्थक गोष्टी होत्या हें खरें. परंतु बाहेरून आल्यावर आधीं मोरीवर जाऊन हातपाय धुण्याची चाल टाकतांना आपण फार घाई केली असें मला वाटतें.

राहिली लसींची गोष्ट. न्यूमोकोकसची लस वृद्धांसाठीं आहे, आणि विषाणूच्या मागून येणाऱ्या जंतूस ती अडविते. आर. एस. व्ही. वर साठीपुढील लोकांसाठीं पहिली लस अमेरिकेंत मे २०२३ मध्यें मंजूर झाली. इन्फ्लुएन्झाची लस मात्र दरवर्षीं घ्यावी लागते, कारण तो विषाणु दरवर्षीं वेष पालटतो. त्यांतील ‘बी-यामागाटा’ नांवाची एक शाखा मार्च २०२० नंतर जगांत कोठें आढळलेलीच नाहीं. कोविडच्या काळांत माणसें घरांत बसलीं, तोंडें झांकलीं, आणि तेवढ्यानें तिचा वंश खुंटला असावा. २०२३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें ती लसींतून वगळण्यास सांगितलें. आपल्या महाराष्ट्रांत फ्लूचा जोर थंडीपेक्षां पावसाळ्यांत अधिक असतो. यास्तव लस घ्यावयाची ती मृग निघण्यापूर्वीं, वैशाख-ज्येष्ठांतच, डॉक्टरांस विचारून घ्यावी. लोणच्याच्या कैऱ्या आणावयाच्या दिवसांतच हें काम उरकतां येण्यासारखें आहे.